पोरगं शेतात कशामुळं येतं आणि कशामुळं टिकतं

मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. साडेसहा एकर रान. तीन एकर ऊस कॅनॉलच्या पाण्यावर, बाकीचं एका विहिरीवर आणि एका बोअरवर. मुलगा सव्वीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला. गेल्या दिवाळीपासून त्याचं एकच चाललंय, "मी परत येतो, शेती धंदा म्हणून करतो." गावात अजून तीन-चार पोरं अशीच परतलीत. वडील विचारतात, ज्या शेतीतून पोरांना बाहेर काढायला आम्ही कर्ज काढलं, तिची यांना ओढ कसली? हे खूळ आहे की खरंच त्यात काही आहे? आणि खरं असेल तर आधी काय करू, शेततळं काढू की गाई घेऊ?

सोलापूर जिल्ह्यात डाळिंब आणि द्राक्षाच्या बागांना सल्ला देण्यात माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलंय. प्लॉटवर गेलो की निम्मा वेळ झाडांवर बोलणं होतं आणि निम्मा वेळ बाप-लेकांच्या कुरबुरीवर. त्यामुळं तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात शोधावं लागत नाही.

खूळ नाही. पण परतलेल्या पोरांच्या ज्या यशकथा छापून येतात, त्यातलं मातीच्या ओढीचं प्रकरण फारसं मनावर घेऊ नका. तीस वर्षांच्या आतल्या ज्या ज्या पोराला मी मनापासून रानात राबताना पाहिलं, त्याला हिशोब हातात हवा होता. खर्च आपण ठरवायचा, सौदा आपण करायचा आणि पैसे आपल्या खात्यावर घ्यायचे. एवढं मिळालं तर तो तोट्यातही टिकतो. नाही मिळालं तर नफा झाला तरी दुसऱ्या हंगामाला बॅग भरतो.

आधी चाकणचं गणित बघू, कारण निघताना पोरगं तेच करून निघतं. कंत्राटी पोराच्या हातात महिन्याला सतरा-अठरा हजार पडतात. चौघांत खोली, मेस, गाडीचं पेट्रोल, मोबाइल आणि सणावाराला गावाकडं येणं-जाणं, हे सगळं जाऊन सहा-सात हजार उरले तर खूप. काही महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराकडं पुन्हा पहिल्यापासून. पंचविशीपर्यंत हे चालतं. पुढं लग्न, खोलीचं डिपॉझिट, मुलाची शाळा हे आकडे डोळ्यांपुढं यायला लागतात आणि सहा हजारांत त्यातलं काहीच बसत नाही. त्याच वेळी गावाकडचा मित्र दर दहा दिवसांनी दुधाचं बिल उचलताना दिसतो. म्हणून परतणाऱ्या पोरांमध्ये कायम नोकरीवाले फार थोडे असतात. तुमच्या पोराला कंपनीनं पर्मनंट केलं असतं तर तो आलाच नसता, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नसतं.

ओढीचं दुसरं कारण म्हणजे शेजारचं पोरगं. कृषी विभागाच्या कार्यशाळेनं किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओनं जेवढं होत नाही, तेवढं तीन किलोमीटरवरच्या एका बागेनं होतं. सांगोल्याकडं बघा. पाऊस कमी, पाण्याची बोंब, माळरान. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि माळावर डाळिंब उभं राहिलं. मग ठिबक आलं, गणेश वाण मागं पडून भगवा आला, शेततळी झाली. अजनाळ्यासारख्या गावात रानारानात बंगले उठले. ते बंगले बघतच एक आख्खी पिढी वाढली. त्या पोरांना शेतीत पैसा आहे का हे सांगायला कुणाची गरज नव्हती, शाळेत जाता-येता ते दिसत होतं. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी द्राक्षाचा सोनाका वाण दिला, बार्शी तालुक्यात गोरमाळ्याला नवनाथ कसपटे यांनी सीताफळाचा एनएमके-१ गोल्डन. दोघंही शेतकरी, विद्यापीठातले शास्त्रज्ञ नव्हेत. आपल्यासारख्याच रानातून हे निघालंय हे कळलं की पोराच्या डोक्यात चक्र फिरायला लागतं.

आता उसाबद्दल एक तिरकं बोलतो, राग मानू नका. ऊस हे बापाचं पीक आहे. आडसाली लावली की सोळा-अठरा महिने निवांत. पाणी द्यायचं, खत टाकायचं, तोडीची वाट बघायची. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचे असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण ते किती कारखाने पाळतात हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. तरी ऊस वाईट नाही. एकरी पन्नास टन निघाला आणि टनाला २८०० धरले तर एक लाख चाळीस हजार होतात. मशागत, बेणं, खत, पाणी वजा जाता ऐंशी-नव्वद हजार मागं राहतात, तेही दीड वर्षाचे. बापाला हे परवडतं, त्याच्या डोक्याला ताप नसतो. पोराला मात्र यात करण्यासारखं काहीच सापडत नाही. ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाला फोन लावणं हेच ज्याचं वर्षाचं मोठं काम, त्या पिकात सव्वीस वर्षांचा पोरगा काय डोकं चालवणार? म्हणून परतलेली पोरं डाळिंब, केळी, द्राक्ष, भाजीपाला, दूध याकडं वळतात. यात रोज काहीतरी ठरवावं लागतं, आणि ठरवलेल्याचा परिणाम पंधरा दिवसांत डोळ्यांना दिसतो.

हे 'ठरवणं' कसं हातातून निसटतं ते सांगतो. पंढरपूर तालुक्यातली एक बाग, भगवा, वर्षाला साधारण पाच टन माल. पोरानं पुण्याची नोकरी सोडून पहिलाच हस्त बहर, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणारं पीक, धरला होता. ताण कधी दिला, पानगळ कधी केली, पहिलं पाणी कधी सोडलं, कुठली फवारणी कुठल्या तारखेला झाली, सगळं वहीत. एकूण खर्च एक लाख बेचाळीस हजार, त्यात मजुरांना दिलेल्या चहाचेसुद्धा पैसे लिहिलेले. माल तयार झाला, व्यापारी गाडी घेऊन बांधावर आला. पोरगं त्या वेळी खालच्या अंगाला फिल्टर धूत होतं. व्यापाऱ्यानं दोन-चार फळं फोडली, दाणे चाखले, म्हणाला, "तात्या, सरसकट नव्वद. उद्याच्या उद्या तोडा." तात्यांनी, म्हणजे पोराच्या बापानं, आभाळाकडं बघितलं, अकरा हजार विसार घेतला आणि चहा सांगितला. पोरगं हात पुसत वर आलं तोवर सौदा झालेला.

त्यानं वहीत वेगळंच मांडून ठेवलं होतं. निवडून दिला तर तीन टन मोठा माल किलोला एकशेवीसनं आणि दोन टन बारीक माल साठनं, असे चार लाख ऐंशी हजार होत होते. सरसकट नव्वदनं साडेचार लाख. फरक तीस हजारांचा. तात्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पावसाचं सावट होतं, व्यापारी रोखीचा होता, आणि निवडीचा माल म्हणजे उरलेल्या बारीक मालासाठी पुन्हा दुसरा व्यापारी शोधणं आलं. पण पोरगं त्या दिवशी कॅरेट मोजायलासुद्धा आलं नाही. आठ महिने ज्यानं झाडं सांभाळली, त्याला शेवटच्या पाच मिनिटांत कुणी विचारलं नाही. तीस हजार त्याला कुणी नंतर हातात दिले असते तरी त्याचं तोंड उतरलेलंच राहिलं असतं.

मी तात्यांना बांधावरच सांगितलं की पुढच्या बहराला यातला दीड एकर त्याच्या एकट्याच्या जिवावर सोडा. खर्चाला पैसे द्या, पण उसने म्हणून द्या आणि लिहून ठेवा. औषध कुठलं, मजूर किती, विकायचं कुणाला, यात तोंड घालायचं नाही. आलेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या बिलाचे पैसे, त्याच्या खात्यावर. तात्यांनी कुरकुरत मान्य केलं. पुढच्या वर्षी नेमका तेल्या रोग आला. ऐन सेटिंगनंतर, म्हणजे फुलांची फळं धरल्यावर, पावसाची झड लागली, फळांवर तेलकट डाग पडायला लागले, निम्मा माल खोऱ्यानं खड्ड्यात गेला. दीड एकरात त्याला हातउसन्या पैशांपेक्षा वीस-बावीस हजार कमी पडले. मला वाटलं, आता हा जातो. तो गेला नाही. तोट्याचा आकडाही त्याच्याच वहीतला होता, आणि कुठल्या फवारणीला चार दिवस उशीर झाला हे त्याला नेमकं ठाऊक होतं. पुढचा बहर त्यानं सेटिंगच्या वेळचा पाऊस टाळायला आंबियाचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा, धरला. आज तो तिथंच आहे, आणि आता तात्याच त्याला विचारून औषध आणतात.

म्हणून तुमच्या पोराला काय ओढतंय हे मला विचारण्याआधी त्याला एवढंच विचारा, "तू आलास तर पैशाचा व्यवहार कोण बघणार?" तो काय म्हणतो यावरून बरंच कळेल.

यात कागदाची एक मेख आहे. सातबारा तुमच्या नावावर, कदाचित आजोबांच्या. पोरगं तीस वर्षांचं झालं तरी बँकेच्या लेखी ते शेतकरी नसतं. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत संयुक्त कर्जदार आणि खंडानं कसणारेही बसतात, प्रत्यक्षात शाखेत गेलं की साहेब पहिल्यांदा सातबाराच मागतो. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत भरलं तर आपल्याकडं व्याजाचा बोजा जवळपास राहत नाही. एवढा स्वस्त पैसा दुसरीकडं कुठं मिळणार? पण ती पत बापाच्या नावावर साठते आणि पोरगं खासगीतून महिन्याला शेकडा तीननं उचलतं. एक-दीड एकर त्याच्या नावावर करून द्यायला हरकत नसेल तर करा. भावाभावांत वाटणी व्हायची असेल तर ती आताच तहसीलदारांसमोर करून घ्या, फेरफार लावून घ्या. घरात मुलगी असेल तर तिचाही हिस्सा आहे हे विसरून केलेली वाटणी पुढं दिवाणी कोर्टात जाते. बागेत दहा वर्षांची गुंतवणूक करणारा माणूस, कुठला बांध आपला हे ठरल्याशिवाय मनापासून झाडं लावत नाही.

आता दुसरी बाजू. आपल्या जिल्ह्यात नुसतं पीक काढून पोट भरेल, धंदा होईलच असं नाही. फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट तुमच्याही कानावर असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा सोलापूरला आणला. दर मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई कापून हातात आला दोन रुपयांचा चेक. लोक चिडले ते चेकवर. मी ती पट्टी बघून वेगळाच विचार करत होतो. एका क्विंटलला शंभर रुपये येतात आणि क्विंटलमागं जवळपास शंभर रुपये नुसते बांधापासून वजनकाट्यापर्यंत जातात, ही रचनाच अशी आहे की दर पडला की पहिला मरतो तो माल पिकवणारा. गाडीवाला, हमाल, तोलणारा, सगळ्यांची मजुरी ठरलेली. चलाख पोरं हे फार लवकर ओळखतात. पीक काढणाऱ्याच्या आजूबाजूला जे पैसे फिरतात, त्यातले थोडे आपल्याकडं कसे वळतील हे ती बघतात. माझ्या मते शेतीला 'धंदा' म्हणायचं ते इथून पुढं.

कासेगाव भागातलं एक पोरगं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. घरची द्राक्षबाग अडीच एकर. त्यानं छोटा ट्रॅक्टर आणि त्याला जोडायचं फवारणीचं यंत्र, ब्लोअर, घेतला, सगळी मिळून आठ-दहा लाखांची जोडणी, निम्मं कर्ज. स्वतःच्या अडीच एकराला एवढं यंत्र म्हणजे वेडेपणा. पण त्यानं ते घेतलंच दुसऱ्यांच्या बागांसाठी. छाटणीनंतर ढगाळ हवा पडली, डाउनी या बुरशीजन्य रोगाची भीती असली की गावातल्या प्रत्येकाला एकाच रात्री फवारणी हवी असते. त्यानं बागायतदारांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, संध्याकाळी नंबर लावतो, पहाटे चारला हेडलाइट लावून ओळीत शिरतो. सहाशे लिटरच्या टाकीमागं दर ठरलेला. औषध शेतकऱ्याचं, पाणी शेतकऱ्याचं, मोजून टाकायचं काम मात्र त्याचंच. नोझल झिजलं की थेंब मोठा पडतो आणि औषध पानावरून ओघळून जातं, म्हणून तो नोझलचा सेट ठरावीक तासांनी बदलतो आणि जुना सेट खिशात ठेवून गिऱ्हाइकाला दाखवतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही. चाकणला क्वालिटीत काम करायचा, मोजमापाची सवय तिथून आली. तुमच्या डिप्लोमावाल्या पोराकडं हाच हात असेल. बागेत खुरपं घेऊन तो इतर मजुरांइतकाच, किंबहुना कमीच. यंत्र, मोटार, ऑटोमेशन, ठिबकचं डिझाइन यात मात्र त्याला पाच गावं विचारत येतील.

असं बरंच काही आहे. करमाळा तालुक्यात कंदरकडं केळीच्या काढणीपासून धुणं, पॅकिंग, कंटेनर भरणं असा एक आख्खा उद्योग उभा राहिलाय, कारण आखाती देशांत जाणाऱ्या जी-नाइन केळीला डाग चालत नाही आणि ती हाताळायला सरावलेली टोळी लागते. बेदाण्याचं शेड आहे. चार किलो द्राक्षाला किलोभर बेदाणा, पण दर पडला की माल विकायची घाई राहत नाही, शीतगृहात ठेवून वाट बघता येते. रोपवाटिका आहे, माती-पाणी परीक्षण आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुण्या-मुंबईत पाकिटातून विकणाऱ्या आपल्याकडच्या सुना-लेकी आता ठिकठिकाणी दिसतात, आणि खरं सांगायचं तर हिशोबात त्या पोरांपेक्षा पक्क्या आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाच्या केंद्राच्या योजनेत अशा युनिटला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. शेड, पॅकहाउस, शीतगृह असं काही बांधायचं असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. फक्त अनुदानासाठी युनिट काढू नका. गिऱ्हाईक आधी, युनिट नंतर.

व्हिडिओवरच्या पिकांबद्दल दोन ओळी. ड्रॅगन फ्रूट, चंदन, बांबू, अमुक जातीचा आंबा, दर वर्षी एक नवीन निघतं. त्यातलं काही चांगलंही असतं. पण एकरी वीस लाख म्हणणारा माणूस बहुतेक वेळा रोपं विकणारा असतो. पोराला सांगा, व्हिडिओ बघ, पण त्या शेतकऱ्याकडं जाऊन मागच्या दोन वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या मागून बघ. खरा असेल तर दाखवतो.

रोगाचं आणि पाण्याचं भय मी लपवणार नाही. ज्या सांगोल्याच्या बंगल्यांचं मघाशी सांगितलं, त्याच तालुक्यात २०२० नंतरच्या सलग पावसाळी वर्षांत खोडाला बारीक भोकं पाडणाऱ्या किडीनं आणि मर रोगानं बागाच्या बागा गेल्या. लोकांनी जेसीबी लावून झाडं उपटली. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे, तिथले शास्त्रज्ञ वेळोवेळी उपाय सांगतात, पण जवळजवळ लावलेली झाडं, पाणी साचणारी भारी जमीन आणि निरोगी मातृवृक्षाची खातरी नसलेली गुटी (फांदीपासून केलेली रोपं), यावर औषध नाही. पाण्याचं तर काय बोलावं. उजनी ११७ टीएमसीची, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं, म्हणजे वापराचं पाणी संपून मृतसाठाही उपसला गेला. त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षात, सप्टेंबर २०२५ मध्ये, सीना नदीनं माढा-मोहोळ भागात उभी पिकं वाहून नेली. या जिल्ह्यात धंदा करायचा तर एका वर्षाचा पूर्ण खर्च बाजूला असल्याशिवाय करू नये. सगळं एकाच पिकावर लावणाऱ्या पोराला मी पहिल्या भेटीतच थांबवतो.

लग्नाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तुमच्या बायकोच्या मनात तोच असणार. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता. लोक हसले. मोर्चाची मागणी मुलींच्या घटत्या प्रमाणाबद्दल होती, पण त्या गर्दीत रान असलेली पोरं थोडी नव्हती. दहा एकर बागायत असलेल्या पोराला नकार आणि चाकणच्या कंत्राटी पोराला होकार, असं आपल्या भागात सर्रास होतं. मुलीच्या बापाला मी दोष देत नाही. तो रान बघत नाही, मुलीच्या हातात महिन्याला काय पडणार ते बघतो. एकत्र कुटुंबात सासऱ्यापुढं हात पसरणाऱ्या नवऱ्याची बायको व्हायला कुणाला आवडेल? इथंही शेवटी गाडी त्याच खात्यावर येते. ज्या पोरांच्या खात्यावर स्वतःच्या नावानं दुधाचे, ब्लोअरचे किंवा रोपांचे पैसे दर महिन्याला येतात, त्यांची लग्नं जमताना मी पाहतोय. मुलगी कृषी पदवीधर असून मुद्दाम शेतीवाला पोरगा केलेली एक-दोन उदाहरणंही आहेत. तिथं मुलीनं आधी विचारलं होतं, व्यवहारात मला बघू देणार का?

आता तुमचा शेवटचा प्रश्न, शेततळं की गाई.

लगेच दोन्ही नको. तो नोकरी सोडायच्या आधी मे महिन्यात पंधरा दिवस सुट्टी घेऊन येऊ दे, आणि त्या पंधरा दिवसांत विहीर-बोअरचं पाणी मोजायचं काम त्याच्यावर सोपवा. दोनशे लिटरचा बॅरल किती सेकंदांत भरतो आणि मोटार सलग किती तास चालते, एवढंच. मग गणित त्यालाच करू द्या. डाळिंबाच्या मोठ्या झाडाला कडक उन्हाळ्यात दिवसाला तीस-पस्तीस लिटर लागतात. एकरी तीनशे झाडं धरली तर दिवसाला दहा हजार लिटर, आणि शंभर दिवसांना दहा लाख. आता तळं बघा. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, कडांना उतार देऊन काढलं तर साधारण बावीस लाख लिटर बसतं. आपल्याकडचं ऊन त्यातलं सात-आठ लाख नुसतं वर उडवतं. हातात राहतं चौदा लाख, म्हणजे फार तर दीड एकराचा उन्हाळा. ते भरायला पावसाळ्यात कॅनॉलचं किंवा विहिरीचं जादा पाणी तुमच्याकडं आहे का, हे आधी. नसेल तर पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरून वर नुसतं आकाश बघत बसावं लागेल. असेल तर तळ्यासारखा आधार नाही. तीन एकर उसापैकी एक एकर मोडलात तर त्याचं वाचलेलं पाणीच तळं भरायला पुरेल. ही गोष्ट तुम्हाला जड जाणार हे मला माहीत आहे.

गाई घ्यायच्या तर दोनच, आणि त्या दुधासाठी जितक्या तितक्याच शेणखतासाठी. दहा गाईंचा गोठा कर्जावर बांधून बसलेली पोरं दर तिशीच्या खाली आला की कशी होतात ते आपण बघितलंय. जानेवारी २०२४ मध्ये सरकारला लिटरमागं पाच रुपये अनुदान द्यायची वेळ आली, ती उगीच नव्हे. दोन गाईंचं दूधबिल मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर काढा. डेअरीत खातं बदलायला एक अर्ज आणि पासबुकची झेरॉक्स लागते, तेवढं या आठवड्यात करून टाका.